समोरची रेती

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण. शब्दांकन वक्त्याचेच.)



कार्यवाहांनी मला विषय दिला, ‘माझी अविस्मरणीय सहल’. मी त्यांना म्हटलं, अहो, गेल्या वर्षी इथे कैलास-मानसरोवर झालं, त्याच्या आदल्या वर्षी नॉर्वे झालं, पडद्यावर चित्रांसकट. माझी सहल म्हणजे वाराणसी-कल्याण आणि कल्याण-वाराणसी. रेल्वेत उभा जन्म गेला, पास खिशात होता, आणि महानगरी एक्सप्रेसशिवाय दुसऱ्या गाडीत फारसा बसलो नाही. ते म्हणाले, काहीही बोला, पण अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका, नंतर आरती आहे.

तेव्हा मी अशा एका जागेबद्दल बोलणार आहे, जी आपण सगळ्यांनी शेकडो वेळा पाहिली आहे. दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर जी दिसते ती. गंगेपलीकडची रेती. आत्ता उठून कुणी बघायला गेलात तर दिसणार नाही. भाद्रपदात ती पाण्याखाली असते. पाणी किती चढलंय हे बघायला आपण सगळे या दिवसांत घाटावर जातोच. इशाऱ्याची पातळी ७०.२६ मीटर, धोक्याची ७१.२६, हे आकडे बनारसमध्ये लहान मुलांनाही पाठ असतात. १९७८ च्या सप्टेंबरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत गेलं होतं. मी इथे त्यानंतर आलो, पण त्या पुराच्या गोष्टी ऐकल्याशिवाय या गावात कुणाचंही एक वर्ष पूर्ण होत नाही.

मी आलो १९८१ साली, डी.एल.डब्ल्यू. मध्ये. २०२० पासून त्याचं नाव बरेका झालं, बनारस रेल इंजन कारखाना, पण माझ्या तोंडात जुनंच नाव आहे, चालवून घ्या. आल्यावर पहिल्याच रविवारी दशाश्वमेधला गेलो. सगळं पाहिलं, छत्र्या, पंडे, नाव्ही, डुबक्या मारणारे. सूर्य समोरून, रेतीवरून वर आला. छान वाटलं. आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी त्या रेतीवर पाऊल ठेवलं नाही. तुमच्यापैकी किती जण गेलेत? हात वर करा बघू... सात, आठ. बघा. आणि या सभागृहात दीडशे माणसं तरी आहेत.

याचं कारण अंतर नाही. होडीने वीस-पंचवीस मिनिटांचं काम. पण रस्ता नाही. रस्त्यानं जायचं तर एकीकडे राजघाटचा मालवीय पूल, दुसरीकडे रामनगरचा, आणि तिथून मग गावांमधून, शेतांमधून, शेवटी वाळू तुडवत. गाडी कुठेतरी रुतणारच. तेव्हा होडीच. आणि होडीत बसलं की नावाडी आपल्याला अस्सीकडे नेतो, मणिकर्णिकेकडे नेतो, फिरवून आणतो. सगळं बघायचं ते अलीकडे. पलीकडे काय आहे? काही नाही. देऊळ नाही, झाड नाही, चहाची टपरी नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत तर नव्हतीच.

शिवाय ती जागा क्षेत्राच्या बाहेर. पंचक्रोशीची प्रदक्षिणा काढली तरी ती या अंगानेच फिरते, पलीकडचा किनारा तिच्यात येत नाही. आणि व्यासांची गोष्ट आहेच. काशीत भिक्षा मिळाली नाही म्हणून व्यास रागावले, काशीलाच शाप द्यायला निघाले, शंकराने त्यांना नदीपलीकडे घालवलं. तिथे बसून ते दुसरी काशी वसवायला लागले. तेव्हा एक म्हातारी येऊन सारखी विचारू लागली, महाराज, इथे मेलं तर काय मिळतं? व्यास वैतागले आणि म्हणाले, गाढवाचा जन्म! झालं. तेव्हापासून पलीकडे मरणारा गाढव होतो. म्हातारीचं रूप अन्नपूर्णेने घेतलं होतं असं काही म्हणतात. काही म्हणतात विचारणारी म्हातारी नव्हतीच, आपला बाप्पाच होता. उत्सवाच्या दिवसांत आपण बाप्पाचीच बाजू घेऊ.

अस्सल बनारसी माणूस मात्र पलीकडे जातो. त्याला ते ‘बहरी अलंग’ म्हणतात. सकाळी नाव घ्यायची, पलीकडे मोकळं व्हायचं, कपडे धुवायचे, अंगाला तेल चोळून आंघोळ, मग भांग घोटायची, बाटी-चोखा लावायचा आणि दुपार कलल्यावर परत. आमच्या वर्कशॉपमधले एक मिश्राजी प्रकारचे गृहस्थ मला वीस वर्षं बोलवत होते. मी म्हणायचो, बघू. मराठी मध्यमवर्गीय माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको.

गेलो तो आईमुळे.

वडील गेल्यावर २००५ साली आई माझ्याकडे आली. सगळे म्हणायचे, भाग्यवान हो, शेवटच्या दिवसांत काशी! ती हसायची आणि काही बोलायची नाही. ती मूळची वेळासची. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या जवळ. नाना फडणवीसांच्या घराण्याचं मूळ गाव. हे ती पहिल्या भेटीतच कुणालाही सांगायची, नाना जणू तिचे सख्खे चुलते. लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली ती १९४४ साली, पंधरा-सोळा वर्षांची असताना. माहेरची माणसं पुढे मुंबईला आली, वेळासचं घर बसलं, आणि तिचं परत जाणं झालं नाही. आम्ही भावंडं मोठी झालो, सुट्ट्यांत माथेरानला गेलो, महाबळेश्वरला गेलो, एकदा काश्मीरलाही गेलो. वेळासला कुणी गेलो नाही. तिनेही म्हटलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

२००८ च्या पावसाळ्यात तिला हृदयाचा त्रास झाला. डॉक्टरांनी सांगितलं, लांबचा प्रवास आता नको. आणि त्यानंतर महिन्याभरात एका संध्याकाळी, भाजी निवडता निवडता ती म्हणाली, “मला एकदा समुद्रावर जायचं होतं रे.” होतं. मी म्हटलं, आई, अगं सतराशे-अठराशे किलोमीटर आहे. ती म्हणाली, “माहीत आहे मला. म्हणून तर होतं म्हटलं.”

मला रात्री झोप आली नाही. सकाळी माझी पत्नी म्हणाली, समुद्र नाही तर नाही, वाळू तर आहे. समोर एवढी पडली आहे. आईंना चार पावलं चालू दे वाळूवरून.

शेजारच्या काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. आजारी माणसाला कुणी पलीकडे नेतं का? काही झालं तिथे तर? काशीत राहून ऐन वेळी पलीकडे! गाढवाची गोष्ट त्यांनी आईच्या समोरच सांगितली. आई म्हणाली, “गाढव झाले तर धोब्याकडे राहीन, नदीवर तर जायला मिळेल.” काकू दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. आज त्या इथे नाहीत म्हणून सांगतो, त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेलं खरं, पण ते माझ्या मनात घर करून बसलं होतं.

महाशिवरात्रीची गर्दी ओसरल्यावर, २००९ च्या मार्चच्या सुरुवातीला, आम्ही गेलो. पहाटे कॉलनीतून रिक्षाने गोदौलियापर्यंत, पुढे गर्दी नव्हती म्हणून रिक्षावाल्याने आणखी थोडं सोडलं. दशाश्वमेधच्या पायऱ्या तिला उतरवणं हेच मोठं काम. हा घाट पेशव्यांनी, बाळाजी बाजीरावांनी १७४८ मध्ये बांधवून घेतला आणि अहिल्याबाईंनी १७७४ च्या सुमारास पुन्हा बांधला असं सांगतात. पायऱ्या उतरताना आई प्रत्येक टप्प्यावर थांबायची आणि म्हणायची, “अहिल्याबाईंनी कठडा का नाही घातला?” तिला नऊवारी, उजव्या हाताला मी, डाव्या हाताला पत्नी. मार्चमध्ये पाणी बरंच खाली गेलेलं असतं. शेवटच्या पायऱ्यांवर पुराचा गाळ अजून चिकटलेला. पंप लावून धुतात तो, पण खालचा कोपऱ्याकोपऱ्यात राहतोच.

नावाड्याला मी आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मोटारीची नाव नको, वल्ह्याची हवी, आवाज नको. हा माझा शहाणपणा. पुढे तो नडला, सांगतोच.

होडीत चढताना आम्ही दोघं घाबरलेलो, नावाडी घाबरलेला, आणि आई आम्हाला सूचना देत होती. “नाव वर येते तेव्हा पाय टाकायचा. खाली जाताना नाही. सोडा मला.” तिने खरंच हात सोडवून घेतला, ओचा खोवला आणि नीट पाय टाकून आत बसली. मी बघत राहिलो. मग म्हणाली, “बाणकोटला बोट खाडीत लांब उभी राहायची. पडावातून जावं लागायचं. लाटेवर पडाव वर आला की बोटीवरचा माणूस हाताला धरून ओढून घ्यायचा. चुकलात तर पाण्यात.” ज्या बाईला बाथरूममध्ये पडेल म्हणून आम्ही धरून नेत होतो, तिला होडीत चढायचं आमच्यापेक्षा चांगलं येत होतं.

आता थोडं शास्त्र सांगतो, कारण निम्मी मंडळी इंजिनिअर आहेत आणि नंतर मला प्रश्न विचारतील. गंगा काशीत उत्तरवाहिनी होते, म्हणजे मोठं वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा जोर जास्त, तिथे काठ उंच आणि पाणी खोल. तिथे घाट. आतल्या बाजूला जोर कमी, तिथे पाणी आपल्याजवळची वाळू टाकून देतं. तिथे रेती. म्हणजे हा घाट आणि ती रेती ही एकाच वळणाची दोन टोकं. दरवर्षी पूर सगळी रेती विस्कटतो आणि ओसरताना नव्याने पसरतो. गेल्या वर्षी जिथे चाललात ती जागा यंदा नसते, थोडी इकडे तिकडे होते. माझा भाचा वेल्समध्ये असतो. तिथे काही पुळणी अशा आहेत म्हणे, की भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच उतरावं लागतं, नाहीतर माणूस कड्याखाली अडकतो. सगळ्या वेल्सच्या किनाऱ्याने चौदाशे किलोमीटरची पायवाट आहे, २०१२ साली खुली झाली, त्यामुळे तिथवर लोक पोचतात तरी. तो मला मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी म्हटलं, बाबा रे, तुझी पुळण दिवसातून दोनदा बुडते, आमची वर्षातून एकदा, पण बुडते ती महिने-दीड महिने.

तर आम्ही पलीकडे लागलो. होडी काठापासून चार-पाच फूट अलीकडेच वाळूत रुतली. घोट्याएवढ्या पाण्यात उतरायचं होतं. नावाडी म्हणाला, “माताजी को उठा लें?” माताजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

उतरून दोन पावलं गेल्यावर तिने पहिली गोष्ट काय केली असेल? वाकली, बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाली, “अळणी.”

हसू नका. म्हणजे हसा, आम्हीही हसलो. गंगेला अळणी म्हणणारी बाई काशीत दुसरी झाली नसेल. पण तिचा चेहरा बघून मला कळलं की तिला बाकी सगळं तसंच वाटलं होतं, फक्त मीठ कमी पडलं होतं.

वाळू करडी-पांढरी, फार बारीक, अभ्रकाने चमकणारी. पहाटेची थंडी तिच्यात अजून होती. आसपास कुणी नव्हतं. खूप लांबवर, डोमरीच्या बाजूला असावं, कुणी काकडी-कलिंगडाच्या वाडीत वाकलेलं दिसत होतं. पूर ओसरला की रेतीत खड्डे करून, खत घालून वेल लावतात, आणि उन्हाळ्यात ती फळं आपल्या बाजारात येतात. पाण्यावर थंडीतले पाहुणे कुरव पक्षी थोडे राहिले होते. इकडे सगळे त्यांना ‘साइबेरियन’ म्हणतात आणि नावेतून शेव टाकतात. आईने त्यांना लगेच ओळखलं आणि म्हणाली, “हे इथेही येतात?” मग तिने कासवांची चौकशी केली. वेळासला थंडीत रात्री मोठी कासवं वर यायची, सकाळी वाळूत त्यांच्या चालीचे पट्टे दिसायचे, आणि त्या पट्ट्यांवरून मुलं अंडी शोधायची. “खायचे लोक तेव्हा,” ती म्हणाली. नावाड्याने सांगितलं की इथेही कासवं आहेत, सरकारी. ते खरं होतं. रामनगरपासून मालवीय पुलापर्यंतच्या सात किलोमीटरचं कासव अभयारण्य १९८९ साली झालं होतं. गंगा स्वच्छ करायची तर पाण्यातली प्रेतं कासवं खातील अशी कल्पना होती, सारनाथला अंडी उबवून पिल्लं सोडत असत. दिसली का तुम्हाला कधी, असं मी विचारलं. “दिखता तो नहीं है, भइया, पर है.” अभयारण्य असल्यामुळे इथली वाळू उपसायला बंदी होती. काही नदीतज्ज्ञांचं म्हणणं असंही होतं की म्हणूनच रेती वाढते आणि प्रवाह घाटांना घासतो. तो वाद मोठा आहे. मी इंजिनांचा माणूस, त्यात पडत नाही.

आई शंभरएक पावलं चालली. मध्ये बसली, पुन्हा चालली. मग पाण्याच्या कडेला येऊन घाटांकडे तोंड करून बसली आणि हातांनी खड्डा उकरू लागली. वीतभर उकरल्यावर पाणी झिरपलं. लहान मुलं करतात तसं. सूर्य आमच्या पाठीशी होता आणि समोर सगळं ऊन घाटांवर. अस्सीच्या अंगापासून राजघाटच्या पुलापर्यंत ती सगळी कमान एका नजरेत. मी अठ्ठावीस वर्षं त्या कमानीच्या आत फिरत होतो, मला ती अशी दिसली नव्हती. दशाश्वमेध तर इतका लहान, की गर्दी मुंग्यांसारखी आणि आवाज अजिबात नाही. फक्त मधूनच एखादी घंटा.

आई म्हणाली, “बाणकोटच्या किल्ल्याखाली उभं राहिलं की खाडीपलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर दिसायचा. आजी सांगायची, ती दक्षिण काशी. नमस्कार कर. आम्ही वाळूत उभ्या राहून पलीकडच्या काशीला नमस्कार करायचो.” असं म्हणून तिने खरंच समोर हात जोडले. मग बराच वेळाने, खड्ड्यात हात ठेवूनच, म्हणाली, “लग्न होऊन निघाले तेव्हा पडावात मी गावाकडे पाठ करून बसले. नवीन शालू, तो भिजेल म्हणून सगळं लक्ष त्याच्याकडे. वळून बघायचं राहिलं. म्हटलं, श्रावणात येणारच आहे.”

मी काय बोलणार? पासष्ट वर्षं झाली होती. मी पत्नीकडे पाहिलं, ती पाण्याकडे बघत होती.

नावाड्याने आधीच सांगितलं होतं, नऊच्या आत परतू, नंतर पछुआ सुटेल. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. आई उठेना. दहाला मी तिच्या खांद्याला हात लावला तर तिने डोळे मिटलेले, हात थंड, आणि हाक मारली तर उत्तर नाही. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी माझ्या डोक्यात डॉक्टर आले नाहीत, गोळी आली नाही. काकू आल्या. इथे नको, एवढंच मनात आलं. मी, विज्ञानाचा पदवीधर, साम्यवादी मित्रांबरोबर चहा पिणारा माणूस, त्या रेतीवर उभा राहून मनात म्हणत होतो, देवा, इथे नको, निदान त्या बाजूला.

तिने डोळे उघडले. “काय ओरडतोस? ऊन छान लागत होतं.”

तिला उठवून होडीत बसवेपर्यंत वारा सुटला होता. पश्चिमेचा, कोरडा, समोरून. वाळू उडून तोंडावर येत होती. थांबावं तर वारा संध्याकाळपर्यंत थांबत नाही आणि सावलीला एक झाड नाही. नावाडी एकटा. म्हणून दुसरी वल्ही मी घेतली. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो अश्वशक्तीची इंजिनं बाहेर काढली, पण त्या वल्ह्याने माझी जी शोभा केली ती विचारू नका. वारा मागे ढकलतोय, प्रवाह उत्तरेला ओढतोय, आणि दशाश्वमेध आमच्या डोळ्यांदेखत डावीकडे सरकत चाललाय. मानमंदिर गेलं, मीरघाट गेला. नावाडी मला बोलत होता ते मी इथे सांगत नाही, स्त्रिया बसल्या आहेत.

मणिकर्णिकेसमोरून जाताना धूर सरळ आमच्या अंगावर आला. चार-पाच चिता होत्या. पत्नीने पदर नाकाला लावला. मी आईकडे बघायचं टाळत होतो. तिने नीट, शांतपणे सगळं पाहिलं आणि मग नावाड्याला आपल्या हिंदीत म्हणाली, “यहाँ नहीं रुकना. आगे चलो.” तो एवढा दमलेला असूनही हसला.

शेवटी लागलो ते पंचगंगा, दुर्गाघाट मागे टाकून ब्रह्माघाटाला. तिथल्या पायऱ्या तुम्हा ब्रह्माघाटकरांना ठाऊक आहेत. दशाश्वमेध त्यापुढे सपाट मैदान. आई दोन पायऱ्या चढली आणि बसली. मी पत्नीला म्हटलं, आता काय करायचं? मराठीत. आणि वरून आवाज आला, “कोण आहे? काय झालं?”

आम्ही कॉलनीतले मराठी आणि तुम्ही घाटांवरचे मराठी, आपला तेव्हा काय संबंध होता? खरं सांगायचं तर काही नाही. आम्ही नोकरीला आलेले, तुम्ही पेशव्यांच्या काळापासून इथे. तुमचं मराठी ऐकून आम्हाला गंमत वाटायची, आणि आम्ही बदली झाली की निघून जाणार असं तुम्हाला वाटायचं. गणपतीतही आमचा वेगळा, तुमचा वेगळा. त्या दिवशी त्या घरातून चार मुलं खाली आली, लाकडी खुर्ची आणली, आईला खुर्चीत बसवून वर नेलं. वाड्यात नेऊन पाणी, मग चहा, मग दडपे पोहे. तिथल्या आजींनी आईला विचारलं, माहेर कुठलं? वेळास म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “म्हणजे नानांचं?” झालं. त्यापुढचे दोन तास आम्हाला कुणी विचारलं नाही. त्या आजी आता नाहीत. त्यांच्या सूनबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, नाव घेतलं तर त्यांना आवडायचं नाही. त्या वर्षीच्या गणपतीपासून आम्ही कॉलनीतले पाच-सहा कुटुंबं इकडे यायला लागलो, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

आई त्यानंतर पावणेतीन वर्षं होती. पुन्हा रेतीवर जाणं झालं नाही, पण तिने विषय मात्र सोडला नाही. कुणी काशीला आलं की सांगायची, विश्वनाथ करा, अन्नपूर्णा करा आणि पलीकडून बघून या. २०११ च्या डिसेंबरात ती घरीच गेली, म्हणजे काशीतच, क्षेत्रात. काकूंनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग मी त्यांना दुसरा धक्का दिला. थोड्या अस्थी दशाश्वमेधला गंगेत सोडल्या आणि थोड्या घेऊन मार्चमध्ये कोकणात गेलो. जगभरातून लोक अस्थी काशीला आणतात आणि हा काशीतून बाहेर नेतो! काकू म्हणाल्या, वेडा झालास का? असेन.

बाणकोटच्या खाडीत विसर्जन केलं आणि वेळासला गेलो. सुरूच्या बनातून चालत गेलं की एकदम पुळण. तिथे त्या दिवसांत कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडत होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते काम उभं केलं. ज्यांचे आजे अंडी शोधायचे तीच माणसं रात्री जागून घरटी राखतात. टोपली उलटली, आणि बोटभर लांबीची पिल्लं वाळूवरून पाण्याकडे धावत सुटली. मी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं.

आता इथलं सांगतो. आपल्या समोरचं कासव अभयारण्य २०२० मध्ये रद्द झालं, नवं प्रयागराज-मिर्झापूर-भदोही पट्ट्यात केलं. २०२१ मध्ये रेतीतून पाच किलोमीटरहून लांब कालवा खोदला, तो त्याच वर्षीच्या पुरात बुजला. आमच्या नावाड्याने ते आधीच सांगितलं होतं, पण त्याला कोण विचारतो? २०२३ च्या जानेवारीत तिथे तंबूंचं शहर उभं राहिलं, आणि तो प्रश्न हरित लवादापर्यंत गेला. आता उंट असतात, घोडे असतात, मुलं पतंग उडवतात. दशाश्वमेधच्या समोरचा भाग पूर्वीसारखा निर्मनुष्य राहिलेला नाही. पण सकाळी साडेसहाच्या आत गेलात आणि होडीवाल्याला थोडं वरच्या अंगाला लावायला सांगितलंत, तर अजूनही तासभर कुणी भेटत नाही.

जाणार असाल तर काही गोष्टी. पूर ओसरल्यावर लगेच जाऊ नका, वरून कोरडी दिसणारी जागा आत दलदल असते, पाय जातो. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत बरं. पौषात धुकं असलं तर मुळीच नको. त्या बाजूला पाण्यात पोहू नका. काठ सपाट दिसतो, पण वाळू एकदम खाली उतरते, आणि दरवर्षी तिथे मुलं बुडतात; ही गोष्ट मी गमतीने सांगत नाही. पिण्याचं पाणी बरोबर घ्या, कचरा परत आणा, आणि होडी मोटारीची करा. वल्ह्यांचा नाद मी केला, तुम्ही करू नका. आता बऱ्याचशा सी.एन.जी.च्या आहेत, आवाजही तेवढा नाही. आणि नऊच्या आत परत.

यंदा मार्गशीर्षातल्या पहिल्या रविवारी आमचाच नावाडी, म्हणजे आता त्याचा मुलगा, दोन नावा घेऊन दशाश्वमेधला सहा वाजता उभा राहणार आहे. एका नावेत पंधरा माणसं, त्याहून जास्त तो घेत नाही आणि आपणही आग्रह करायचा नाही. पहिली नाव सत्तरीच्या पुढच्यांची. खुर्च्या मी आणतो, पोहे ब्रह्माघाटकडे. ज्यांना यायचं आहे त्यांनी आरतीनंतर माझ्याकडे नावं द्यावीत. कार्यवाह घड्याळ दाखवतायत, तेव्हा थांबतो.